आधी गॅरेज, मग बंगला!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी केली त्याने मराठी माणसाचे हित केले की अहित, याचा एकदा निवाडा व्हावयास हवा. घर आणि लग्न ही दोन कार्ये त्याने एका दावणीला बांधली, आणि आपण घरसुद्धा लग्नासारखेच उरकू लागलो. एक मुहूर्त, एक कर्ज, एक ठेकेदार आणि शेवटी एक जेवणावळ! आता लग्न एका दिवसात उरकावे लागते हे खरे. अर्धे आज आणि अर्धे पुढच्या दिवाळीत असे ते करता येत नाही. घराला ही सक्ती कोणी केली? घर टप्प्याटप्प्याने वाढू शकते. किंबहुना आपल्याकडे ते तसेच वाढत आले. पण हे सांगावयास गेले की लोक दयेने आपल्याकडे पाहतात. त्यांना वाटते, बिचाऱ्याजवळ पैसे नसावेत!

या दयेची पर्वा न करता मी आज एक उफराटे वाटणारे मत मांडणार आहे. ज्याला स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्या पैशाने आणि बेताच्या कर्जाने घर बांधावयाचे असेल, त्याने आधी आवाराच्या कोपऱ्यात घरापासून सुटी अशी गॅरेज बांधावी. मग राहण्यापुरते घर. आणि हौसेच्या खोल्या सर्वांत शेवटी. गॅरेज आधी, पण मोटारीसाठी नव्हे. मोटारीचा मान सर्वांत शेवटचा.

हे मत सुचण्याचे ठिकाण म्हणजे नागपूरच्या दक्षिणेचा वर्धा रस्ता. तिथे मिहान आहे. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेते प्रकल्पात गेली, मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे तंटे वर्षानुवर्षे चालले. पुढे मार्च २०१९ मध्ये खापरीपर्यंत मेट्रो आली. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मिहानमधल्या एम्सचे आणि जवळच्या शिवमडक्यापासून निघणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या शिर्डीपर्यंतच्या भागाचे उद्घाटन झाले. साहजिकच आसपासच्या प्रत्येक शेताच्या बांधावर ‘ले-आउट’ची पाटी उभी राहिली. नागपूरकराने भविष्य निर्वाह निधीतून, बायकोच्या बांगड्यांतून आणि मेहुण्याच्या उसनवारीतून तिथे प्लॉट घेतला. घेतला तो घेतला! दुःख पुढेच आहे.

या ले-आउटांतून एखाद्या रविवारी फेरी मारून पाहा. काय दिसते? पुढे वाड्याला शोभेल असे लोखंडी फाटक; त्याच्या मागे दोन मोटारींचा पोर्च; पोर्चवर कोरीव कठडा; आणि त्यामागे छपाई न झालेल्या विटांच्या भिंती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. गच्चीवर खांबांच्या सळया आकाशाकडे बोटे करून उभ्या आहेत. त्या वरच्या मजल्याच्या आशेने सोडलेल्या असतात आणि दर पावसाळ्यात त्या आशेला गंज चढतो. मालक कुठे आहे? तो अजून शहरात भाड्याने राहतो आहे. म्हणजे घरभाडेही देतो आणि कर्जाचा हप्ताही देतो! याला घर बांधणे म्हणावयाचे की घराने माणसाला बांधणे?

हे का होते? पैसा कमी म्हणून होते, असे सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. पैसा चुकीच्या क्रमाने खर्च होतो म्हणून हे होते. दिसणारे काम आधी आणि न दिसणारे मागून, हा तो क्रम. घराच्या अंदाजपत्रकाला एकच कसोटी लावावयाची असते: जे मागाहून दुरुस्त करता येणार नाही त्याला पहिला पैसा. पाया, जोते, ओल रोखणारा थर, सांडपाण्याचा उतार, भिंतीतल्या विजेच्या नळ्या, पाण्याचे पाइप ही कामे एकदा बिघडली की बिघडली. फरशी मागून बदलते, रंग मागून लागतो, फाटक दहा वर्षांनी बसवले तरी चोर तेवढेच येतात. पण नातेवाईक येतात ते फाटक पाहायला. पाया पाहायला कोण येतो?

आणि पाया तर आमच्या भागात हसण्यावारी नेण्याची गोष्टच नव्हे. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पायाने बसवलेली भिंत दरसाल थोडी वर उचलली जाते, थोडी खाली बसते, आणि चौथ्या वर्षी दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. घराला तो नेतात. पण घराला चिकटून काढलेल्या पोर्चला आणि गॅरेजला ‘याला काय, दोन हात पुरे’ म्हणून मिस्त्री वरच्यावर उरकतो. मग जड घर एका चालीने बसते, हलकी गॅरेज दुसऱ्या चालीने, आणि सांध्यावर भांडण सुरू होते. सासू-सून एका भिंतीत नांदतील, पण दोन खोलींचे दोन पाये एका भिंतीत नांदत नाहीत. गॅरेज सुटी असावी असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण हे. आणि सुटी झाली म्हणून तिचा पाया उथळ चालेल असे नव्हे. तोही मुरमापर्यंतच गेला पाहिजे.

दुसरे कारण ऊन. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा गावात पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारी तीननंतर तापलेला तवा. प्लॉटच्या दिशेने आणि नियमांनी परवानगी दिली तर गॅरेज पश्चिमेच्या बाजूला उभी करा. ऊन ती खाईल, घर सावलीत राहील. पत्र्याचे छप्पर तापले तर मोटार तक्रार करीत नाही. माणसे मात्र तेच ऊन कूलरच्या पाण्याने आणि विजेच्या बिलाने भागवीत बसतात.

पण गॅरेज सुटी असावी हे पटले तरी ती आधी का? याचे उत्तर, तिच्यात सिमेंट राहावयाचे आहे. सिमेंट हा मोठा नाजूक पाहुणा आहे. दमट हवेत तीन महिने पडून राहिला की त्याची सुमारे वीस टक्के ताकद जाते, असे बांधकामाची पाठ्यपुस्तके सांगतात. पोती भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच फळ्यांवर, दहांपेक्षा अधिक थर न लावता ठेवावीत, असा नियम आहे. उघड्या प्लॉटवर ताडपत्री टाकून हे कसे साधणार? सळया, तारा, नळ, पंप यांना रात्री पाय फुटतात ते वेगळेच. ठेकेदार तात्पुरती टिनाची खोली उभारतो. तिचा खर्च तुमच्याच माथी पडतो आणि काम संपले की टिना त्याच्या पुढच्या कामावर जातात. तोच पैसा कायमच्या भिंतींत का घालू नये?

तरीही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण निराळेच आहे. गॅरेज ही घराची रंगीत तालीम आहे. नाटक मंडळी तालमीवाचून पडदा उघडत नाहीत, आणि आपण मात्र आयुष्यातला सर्वांत महाग प्रयोग थेट प्रेक्षकांसमोर करतो! दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशा त्या लहानशा बांधकामात पाया आहे, जोते आहे, भिंत आहे, दार आहे, छप्पर आहे. म्हणजे माती किती खोल आहे ते कळते. विटा कोण चांगल्या देतो ते कळते. मिस्त्री ओळंबा लावतो की डोळ्यांवर भरवसा ठेवतो ते कळते. रेतीचा ट्रक खरोखर भरलेला येतो की नुसता दिसतो तेही कळते. तीन लाखांची गॅरेज तीन लाख साठ हजारांवर गेली, तर तुमचा अंदाज वीस टक्क्यांनी चुकतो हे तुम्हाला घराआधीच समजले. तीच चूक अठरा लाखांच्या घरात झाली असती तर तीन लाख साठ हजारांचा खड्डा पडला असता. शिवाय मिस्त्री नापसंत ठरला तर साठ हजारांत सुटका झाली!

आता हिशेब. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला, रीत तीच राहील. समजा, ९०० चौरस फुटांचे घर २,००० रुपये दराने १८ लाखांत होते. गॅरेज ३ लाख. बोअरवेल, टाकी, मैलाकुंडी, कुंपण, वीज यांना ३ लाख. झाले २४ लाख. यात दहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार ‘न सुचलेल्या खर्चा’साठी धरलेच पाहिजेत, ज्याच्या अंदाजपत्रकात हे कलम नाही त्याने अंदाजपत्रक केलेच नाही. एकूण २६ लाख ४० हजार. तुमच्याजवळ ११ लाख ४० हजार आहेत. लग्नाच्या रीतीने घर बांधावयाचे तर १५ लाख कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षे महिना सुमारे १३,००० रुपये भरा. एकूण भराल ३१ लाख २४ हजार. म्हणजे व्याजच १६ लाख २४ हजार! घर एक बांधले आणि पैसे जवळजवळ दोन घरांचे दिले.

दुसरी रीत पाहा. १८ लाखांच्या घरापैकी पहिल्या टप्प्यात ११ लाख खर्च करा. त्यात सगळ्या घराचे जोते आणि त्यावर स्वयंपाकघर, एक मोठी खोली, न्हाणी व संडास. उरलेल्या दोन खोल्यांचे जोत्यावरचे ७ लाखांचे काम मागे ठेवा. आता कर्ज लागले ८ लाख. तेच व्याज, मुदत दहा वर्षे. हप्ता ९,९०० रुपयांच्या आसपास, आणि एकूण व्याज ३ लाख ९० हजार. व्याजात वाचले १२ लाख ३४ हजार. कोणी म्हणेल, यातला काही भाग मुदत कमी केल्यामुळे वाचला. खरे आहे. पण १५ लाखांचे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना साडेअठरा हजार लागले असते. मुदत आखडता आली ती रक्कम आखडली म्हणूनच.

‘अहो, पण भाव वाढतील ना!’ हा ठेकेदाराचा ठेवणीतला बाण. वाढू द्या. दरसाल सहा टक्क्यांनी वाढतील असे धरा. साडेतीन लाखांची एक खोली पाचव्या वर्षी ४ लाख ६८ हजारांत होईल, दुसरी दहाव्या वर्षी ६ लाख २७ हजारांत. दोन्ही मिळून ३ लाख ९५ हजार जास्त पडले. वाचलेल्या १२ लाख ३४ हजारांतून ते वजा करा. तरी ८ लाख ३९ हजार तुमच्या पदरात राहतात. आणि दहा वर्षांनी तुमचा हप्ता संपलेला असतो, त्याची मात्र निम्मी मुदत उरलेली असते. भाव नेहमी वाढतातच असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गंमत अशी की त्याच दिवशी लहान मोटारींवरचा करही १८ टक्क्यांवर उतरला. आणि सिमेंटपेक्षा मोटारीची चर्चा घराघरांत अधिक झाली!

या टप्प्यांना दोन अटी मात्र आहेत, आणि त्या न पाळणाऱ्याने माझे नाव सांगू नये. पहिली अट, प्रत्येक टप्पा राहता येण्याजोगा पुरा झाला पाहिजे. छप्पर, दारे, पाणी, दिवा आणि संडास असेल तर तो टप्पा; चार खोल्यांच्या भिंती खिडकीपर्यंत उचलून ठेवणे याला थांबलेले काम म्हणतात. दुसरी अट कायद्याची. नकाशा पहिल्याच दिवशी साऱ्या घराचा आणि गॅरेजचा मिळून मंजूर करून घ्यावा. मिहानच्या हद्दीत, महानगर प्रदेशात आणि शहरात प्राधिकरणे वेगवेगळी आहेत. आपला प्लॉट कोणाकडे येतो आणि तो अकृषक झाला आहे काय, हे आधी पाहावे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे बांधकामाची परवानगी एक वर्ष चालते. ती वर्षावर्षाने वाढवून मिळते, पण ही वाढ एकंदर तीन वर्षांपुढे जात नाही. त्या मुदतीत काम जोत्यापर्यंतही आले नाही तर नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून सगळ्या घराचे जोते पहिल्याच टप्प्यात उचला, असे मी वर म्हटले. जेवढे घर पुरे झाले तेवढ्याचे भोगवटा प्रमाणपत्र मागता येते. आणि गॅरेज म्हणून मंजूर झालेल्या जागेत संसार मांडू नका, भाडेकरूही ठेवू नका. आज नागपुरात घरोघरी हेच चालले आहे. गॅरेजमध्ये किराण्याचे दुकान किंवा शिकवणीचा वर्ग, आणि मोटार रस्त्यावर! रस्ता म्हणजे काय आपल्या सासऱ्याचे अंगण आहे?

घरातल्या मोठ्या माणसांचा आक्षेप निराळा असतो. ‘अर्धे घर शोभत नाही, चार लोक काय म्हणतील?’ त्यांना मी विनयाने एकच विचारतो, आजी, तुमच्या माहेरचे घर एका दमात झाले होते काय? आपल्याकडे घर मोजत ते खणांत. पणजोबांनी दोन खण घातले, आजोबांनी ओसरी काढली, थोरल्या काकांनी नोकरी लागल्यावर माडी चढवली. आणि त्या घराला कोणी अर्धे म्हटले नाही. वाडेसुद्धा चौकाला चौक जोडून वाढले. जोते घालून त्याला एक पावसाळा पाजावा, मगच भिंती चढवाव्यात, ही जुन्या गवंड्यांची रीत होती. भरावाची माती बसायची ती भिंतीआधीच बसून जाई. ‘एकदम पुरे’ ही कल्पना आपल्या आजोबांची नव्हे. ती माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रांची आहे.

आणि मोठ्यांचीच उदाहरणे हवी असतील तर नागपूरहून फार लांब जावयास नको. सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहावयास आले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबहेन यांनी स्वतःसाठी माती, बांबू आणि कवेलूंनी बांधलेली लहानशी कुटी. गांधीजी तिच्यात आले आणि गरज पडेल तशी तिच्यात भर पडत गेली. देशोदेशीचे लोक ती पाहावयास येतात. ‘यांनी पोर्च का नाही काढला?’ असे अद्याप कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात सिडकोसाठी वसाहत रचली. तिथे प्रत्येक घराला स्वतःचा लहान प्लॉट, भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. का, तर उत्पन्न वाढेल तसे ज्याला त्याला घर वाढवता यावे म्हणून. लोकांनी इतके वाढवले की मूळची पुष्कळ घरे आज ओळखू येत नाहीत! पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत याहून पुढचे पाऊल टाकले. गरिबांना प्लॉट, जोते, पाणी आणि संडास तयार करून दिले. वरचे घर ज्याने त्याने आपल्या पैशाच्या वेगाने उभारावे. त्या वसाहतीला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली दोशी प्रिट्झकर पारितोषिकाचे मानकरी ठरले. जगाने ज्याचा गौरव केला त्याची आपल्या ले-आउटमध्ये लाज का वाटावी?

बँकेला तरी कुठे एकदम पैसे देणे मान्य आहे? तीही जोते झाले, स्लॅब पडला, छपाई झाली असे पाहूनच रक्कम सोडते. टप्प्याचे शहाणपण सावकाराला कळते. कर्जदारालाच तेवढे कळत नाही, ही मौज नव्हे काय?

पावसाळा संपून जमीन वाफशावर आलेली असते, आणि दिवाळीनंतरचे सहा-सात महिने बांधकामाला सर्वांत चांगले. लक्ष्मीपूजन आटोपले की घरातल्या सर्वांनी वहीपूजनाच्याच वहीत एक पान घरासाठी काढावे. वर जवळची रोख रक्कम लिहावी, कर्ज नव्हे. खाली तीन रकाने आखावेत: आता झालेच पाहिजे ते, मागून चालेल ते, आणि केवळ लोकांसाठी ते. गृहिणीला पहिल्या रकान्यात नकाराचा हक्क द्यावा आणि गृहस्थाने तिसऱ्या रकान्यातले फाटक, कठडा, पोर्च स्वतःच्या हाताने खोडावेत. मग पहिल्या ओळीत निःशंकपणे लिहावे, ‘गॅरेज’. काम संपेपर्यंत तिच्यात सिमेंट राहील, मिस्त्रीची हत्यारे राहतील. मागे राहिलेल्या खोल्यांचे मोकळे जोते तोवर ओटा म्हणून वापरावे; त्यावर पुढच्या दिवाळीला पोरी ऐसपैस रांगोळी काढतील. राहता राहिली मोटार. चार मीटरांच्या आतली लहान मोटार त्या अठरा फुटांत सुखाने मावते आणि वर पाच फूट उरतात. तिला मात्र गृहप्रवेश करावयाचा असेल तर तिने रांगेत उभे राहावे. घरातल्या माणसांचा नंबर आधी आहे.